गिअरचा मेंदू बदलण्यापूर्वी



मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. धूर दिसला तर विस्तव असलाच पाहिजे; पण विस्तव दिसला म्हणून धूर असेलच असं नाही, हे गेली अठरा वर्षं मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवीत आलो आहे. असा माणूस आज मोटारगाडीच्या एका भागाविषयी बोलायला का बसला, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचं कारण असं की, हा भाग काढताना आणि बसवताना माझं तर्कशास्त्र माझ्याच अंगणात तोंडघशी पडलं. त्यात पैसे गेले ते गेलेच, पण घरातल्या माणसाला सहा आठवडे त्रास सोसावा लागला. तो तुमच्यापैकी कुणाला सोसावा लागू नये, म्हणून हे भाषण.

माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून चौदा किलोमीटरवर, आणि वाटेत एक लहानसा घाट. काही वर्षांपूर्वी पडल्यामुळे तिचा डावा गुडघा कायमचा दुखावला. क्लच दाबणं तिला जमेना. म्हणून आम्ही एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. या गाडीला क्लचचं पेडल नसतं. उजव्या पायाने वेग द्यायचा, त्याच पायाने ब्रेक लावायचा. गिअर गाडी आपली आपण बदलते. पूर्वी असल्या गाड्या म्हणजे श्रीमंतांची चैन होती. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ ही लहान गाडी आपोआप गिअर बदलण्याच्या सोयीसह आली, पुढे इतर कंपन्यांनीही तशी सोय दिली, आणि आता तालुक्याच्या बाजारातही अशा गाड्या उभ्या दिसतात. आमची गाडी जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकची, तेलाच्या जोरावर चालणारी होती.

एका श्रावणात, पावसाची झिमझिम चालू असताना, घाट चढता चढता गाडीने एकाएकी दम सोडला. इंजिन चालू, आवाज मोठा, पण गाडी पुढे सरकेना. समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लागलेला. मागे दुधाचा टँकर भोंगा वाजवतोय. तिने कशीबशी गाडी कडेला घेतली, थोडा वेळ थांबली आणि रांगत रांगत घरी आली. घरात पाऊल टाकलं तेव्हा तिच्या हातापायांना कापरं भरलेलं होतं.

गाडी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर लावला. पडद्यावर अक्षरं उमटली: यू ०१०१. या खुणेचा अर्थ, गिअरच्या नियंत्रकाशी संपर्क होत नाही. तो म्हणाला, "सर, गिअरचा कंप्युटर गेला. नवा घालावा लागेल." किंमत ऐकून माझी बोलतीच बंद झाली.

घरी येताना मी मनाशी विचार केला. यंत्राने नियंत्रकाचं नाव घेतलं. अर्थात दोष नियंत्रकात आहे. दोष नियंत्रकात आहे. अर्थात तो बदलला की गाडी नीट होईल. किती सरळ अनुमान! मग नव्याचे पैसे वाचवावेत म्हणून जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून तशीच दिसणारी पेटी आणली आणि रविवारी स्वतःच बसवली. पिवळा दिवा तसाच. मग मी ठरवलं की, आणलेली पेटीही बिघडलेलीच असणार. पुढच्या रविवारी दुसरी आणली. दिवा तसाच. दोन पेट्या झाल्या, दोनदा पैसे गेले, आणि गाडी अंगणात उभीच. पत्नी एस.टी.ने जाऊ लागली. बरेचदा उभ्यानेच प्रवास. संध्याकाळी ती गुडघा शेकत बसे, आणि मी तिच्यासमोर तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासत बसे!

पुढे काय झालं ते सांगण्याआधी ही पेटी करते तरी काय, ते थोडक्यात पाहू.

भरलेली गाडी ओढणारे बैल पाहा. चढावर ते सावकाश, पण नेट लावून चालतात. सपाटीला लागले की झपाझप पावलं टाकतात. इंजिनाला मात्र असं आपखुशीने बदलता येत नाही. ते एका ठरावीक गतीतच चांगला जोर देतं. म्हणून इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये दातेरी चक्रांचा गिअरबॉक्स असतो. पहिल्या गिअरमध्ये जोर जास्त, वेग कमी. वरच्या गिअरमध्ये वेग जास्त, जोर कमी. साध्या गाडीत गिअर केव्हा बदलायचा हे ड्रायव्हर ठरवतो. इंजिनाचा आवाज त्याचा कान ऐकतो, चढ त्याचा डोळा पाहतो, आणि हातपाय ते काम करतात.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची शक्ती आधी तेलातून पुढे जाते. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. तशी ही व्यवस्था, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. त्याच्या पुढे दातेरी चक्रं आणि त्यांना धरणाऱ्या-सोडणाऱ्या क्लचच्या चकत्या असतात. या चकत्या तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. कोणत्या चकत्या आवळल्या यावर कोणता गिअर पडेल ते ठरतं.

आता प्रश्न हा की, तेल कोणत्या चकत्यांकडे पाठवायचं हे ठरवणार कोण? अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्स्मोबाइल गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' नावाचा गिअरबॉक्स दिला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तो हाच पहिला. त्यात हा निर्णय तेलाचा दाब आणि झडपाच करीत. विजेचा त्यात काही हात नव्हता. १९८० नंतरच्या काळात हे काम हळूहळू एका इलेक्ट्रॉनिक पेटीकडे आलं. तिलाच मेकॅनिक 'टीसीएम' म्हणतात. आपण तिला गिअरचा मेंदू म्हणू.

मेंदू म्हटला की ज्ञानेंद्रियं आली. आत येणारी चक्रं किती वेगाने फिरताहेत, बाहेर जाणारा दांडा किती वेगाने फिरतोय, तेल किती तापलं आहे, ड्रायव्हरने पेडल किती दाबलं आहे, गिअरची दांडी कुठे आहे, या साऱ्या वार्ता तारांवरून पेटीकडे येतात. त्यावरून पेटी निर्णय घेते आणि गिअरबॉक्समधल्या विजेवर चालणाऱ्या लहान झडपांना हुकूम देते. इंजिनाच्या मेंदूशीही तिचं सतत बोलणं चालू असतं. हे बोलणं बहुतेक गाड्यांत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून चालतं. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली ही पद्धत जगापुढे मांडली.

आणि पेटीच गप्प झाली तर? त्याचीही सोय गिअरबॉक्स बनवणाऱ्यांनी करून ठेवली आहे. झडपांना वीज मिळेनाशी झाली की तेल आपोआप एका ठरलेल्या वाटेने जातं आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. कुठे दुसऱ्या, कुठे तिसऱ्या. मागे जाण्याचा गिअर बहुधा चालतो. उद्देश एवढाच की, माणूस रस्त्यात अडकू नये, हळूहळू घरी पोचावा. माझी पत्नी घाटातून घरी आली ती याच सोयीमुळे. मात्र ही सोय घरी पोचण्यापुरती आहे, तशीच गाडी महिनाभर हाकण्यासाठी नव्हे.

आता पुन्हा माझ्या अंगणात येऊ.

आमच्या गल्लीत आप्पा राहतात. एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले. एका सकाळी ते फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "काय सर, गाडीला सुट्टी लागली काय?" मी सगळी हकीकत सांगितली, दोन्ही पेट्या दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्कॅनर नेमकं काय म्हणाला?"

"नियंत्रकाशी संपर्क नाही म्हणाला."

आप्पा हसले. "आता मला सांगा सर, तुम्ही एखाद्याला फोन लावला आणि लागला नाही, तर तुम्ही काय त्याच्या दहाव्याला जाता? रेंज नसेल, चार्जिंग उतरलं असेल, तार तुटली असेल. माणूस गेला असं कोण म्हणालं?"

श्रोतेहो, अठरा वर्षं मी जे फळ्यावर लिहीत होतो, ते आप्पांनी एका वाक्यात माझ्या पदरात घातलं. स्कॅनर लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. लक्षण कुठे दिसतं आणि रोग कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आप्पांनी घरून मल्टिमीटर आणला. आधी बॅटरी पाहिली. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीत साधारण १२.६ व्होल्ट असतात, आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान. ती ठीक होती. मग फ्यूज काढून पाहिले. तेही ठीक. मग त्यांनी चावी फिरवली, दिवे लावले, मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं पेटीच्या अर्थिंगच्या तारेला लावलं. तार चांगली असेल तर इथे काटा जवळजवळ शून्यावर हवा. फार तर एक-दोन दशांश व्होल्ट. इथे तो दोनच्या पुढे गेला. "हे बघा," आप्पा म्हणाले, "तुमच्या मेंदूला रक्त पोचत नाही, आणि तुम्ही मेंदू बदलत बसलाय."

बॅटरी उचलून खालची थाळी काढली. बॅटरीतून कधीतरी सांडलेल्या आम्लाने अर्थिंगच्या तारेची कडी पार कुजली होती. तिच्यावर हिरवी-पांढरी भुकटी साचली होती. आप्पांनी नवी कडी बसवली, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वर व्हॅसलिनचा हात दिला. मग माझी मूळची पेटी, जी मी मेलेली म्हणून कोपऱ्यात टाकली होती, ती पुन्हा बसवली. स्कॅनरवरची जुनी नोंद पुसली. पिवळा दिवा विझला. गाडी गावाबाहेर नेली, तर पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे गिअर एकामागून एक पडले. आप्पांनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोन कप घेतला.

यावरून कुणी असं समजू नये की, पेटी कधी बिघडतच नाही. बिघडते. पाणी शिरतं, आतले जोड उष्णतेने सुटतात, भलतं व्होल्टेज मिळालं तर जळते. पण पेटी खरोखर बिघडली असली तरी 'का बिघडली' हा प्रश्न उरतोच. याचं एक उदाहरण मेकॅनिकांच्या जगात प्रसिद्ध आहे. मर्सिडीज-बेंझ कंपनीचा ७२२.६ नावाचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९९६ च्या सुमारास आला. त्याच्या कुशीत जिथे विजेच्या तारा आत शिरतात, तिथे एक गोल प्लग आहे. त्या प्लगच्या रबरी कड्या काही वर्षांनी कडक होतात आणि तेल पाझरू लागतं. पाझरलेलं तेल खाली ठिबकतं, ते कुणालाही दिसतं. पण त्यातलं थोडं तेल तारेच्या प्लास्टिकच्या आवरणातून, तांब्याच्या बारीक तंतूंमधून वर चढतं. समईतलं तेल वातीतून ज्योतीपर्यंत चढतं ना, अगदी तसंच! चढत चढत ते पार नियंत्रकाच्या पेटीपर्यंत जातं. आता समजा, मेकॅनिकने तेलाने भरलेली पेटी पाहिली आणि फक्त पेटी बदलली. काही दिवसांनी नव्या पेटीतही तेल हजर! बदलायला हवा होता तो खालचा स्वस्त प्लग, आणि स्वच्छ करायला हव्या होत्या त्या तारा. पेटी त्या रोगाचा बळी होती. रोगाचं मूळ नव्हती.

म्हणून माझी विनंती ही की, पेटी बदलण्याआधी क्रमाने पाहा. बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, प्लग, तारा. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का तेही पाहा. खेड्यात, गोठ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर हे हमखास घडतं. गिअरबॉक्सचं तेल पुरेसं आहे ना, जळका वास येत नाही ना, हे पाहा. पेटीला वीज आणि अर्थिंग दोन्ही नीट मिळतंय, संपर्काच्या दोन्ही तारा शाबूत आहेत, तरीही पेटी बोलत नाही, एवढं मीटरने सिद्ध झालं, तरच दोष पेटीवर ठेवा.

आता तशी वेळ खरोखरच आली तर पेटी काढायची कशी, ते सांगतो. तुम्ही स्वतः हात घालावा असा माझा आग्रह नाही. पण आपल्या गाडीवर काम होत असताना जवळ उभं राहून ते समजावं, एवढं तरी प्रत्येकाला जमेल.

गाडी सपाट जागी उभी करा. दांडी 'पी'वर ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. एकदा बॅटरी सोडवली की पुष्कळ गाड्यांत दांडी 'पी'मधून हलत नाही. तेव्हा गाडी जिथे उभी राहायला हवी तिथे आधीच न्या. स्कॅनरने दिसणाऱ्या सगळ्या खुणा कागदावर लिहून घ्या. मग चावी काढून पाच-दहा मिनिटं थांबा. गाडीतले बाकीचे मेंदू चावी काढल्याबरोबर झोपत नाहीत, त्यांना थोडा वेळ लागतो. त्यानंतर बॅटरीची ऋण तार आधी सोडवा.

पेटी सगळ्या गाड्यांत एकाच जागी नसते. काही गाड्यांत बॉनेटखाली बॅटरीच्या शेजारी, काहींत आतल्या बाजूला सामानाच्या खणामागे, तर काहींत चक्क गिअरबॉक्सच्या आत, तेलात बुडालेली असते. आत असेल तर तेल काढून खालचं झाकण उतरावं लागतं. ते काम अंगणात करू नये. खणामागे असेल तर पिवळ्या प्लगांना हात लावू नये. ते बहुधा एअरबॅगचे असतात.

पेटी सापडली की घाई करू नका. आधी मोबाइलवर फोटो काढा. एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कोरड्या हवेत पॉलिस्टरचा शर्ट काढताना जी तडतड होते ना, तीच वीज आतल्या नाजूक भागांना पुरेशी असते. प्लगला बहुधा एक खिट्टी असते. ती उघडून प्लग धरूनच ओढा, तारा धरून ओढू नका. प्लगच्या आत पाहा. हिरवा गंज, ओल, तेल, वाकलेली पिन, यांपैकी काही दिसलं तर तिथेच थांबा. कारण खरं कारण कदाचित तुमच्या हातात आलेलं आहे. मग पेटीचे स्क्रू काढून पेटी बाहेर घ्या, आणि तिच्यावरचा क्रमांक नव्या पेटीच्या क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून पाहा. दिसायला सारखी म्हणून ती सारखी असते असं नाही. मी नेमका इथेच फसलो होतो.

बसवताना हाच क्रम उलटा. प्लग 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायचा, खिट्टी लावायची, स्क्रू बेताने आवळायचे, आणि बॅटरीची ऋण तार सर्वांत शेवटी जोडायची.

झालं? नाही. खरं काम इथून पुढे सुरू होतं. नवी पेटी कोरी असते. तिच्यात त्या गाडीचं सॉफ्टवेअर भरावं लागतं, गाडीचा ओळख क्रमांक लिहावा लागतो. जुन्या बाजारातल्या पेटीत दुसऱ्याच गाडीचा क्रमांक असतो. काही पेट्यांत तो पुसून नवा लिहिता येतो, काहींत मुळीच येत नाही. म्हणून जुनी पेटी विकत घेण्याआधी, ती आपल्या गाडीवर लिहून देणारा माणूस आधी शोधावा. पुष्कळदा आपलीच पेटी दुरुस्त करून घेणं शहाणपणाचं ठरतं. तिच्यातला क्रमांक आपलाच असतो. सॉफ्टवेअर भरत असताना गाडीला स्थिर वीज देणारा चार्जर जोडलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवी कोरी पेटी तिथेच निकामी होऊ शकते. आपल्याकडे विजेचा भरवसा किती, ते मी तुम्हांला सांगायला नको.

यापुढची गोष्ट शिक्षक बंधुभगिनींना लगेच पटेल. गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या वर्षानुवर्षं झिजत असतात. कोणती चकती किती झिजली, तिला आवळायला किती तेल लागतं, हे जुनी पेटी अनुभवाने शिकलेली असते. नवी पेटी म्हणजे बदली होऊन आलेले गुरुजी. वर्ग तोच, मुलं तीच, पण कोणत्या मुलाला दोनदा सांगावं लागतं आणि कोण खुणेने समजतो, हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून सुरुवातीला गिअर पडताना हिसके बसतात. कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तेल आल्यावर, सांगितलेल्या पद्धतीने, हलक्या पायाने गाडी चालवून पेटीला हे सगळं पुन्हा शिकवावं लागतं. पहिल्या दिवशी हिसका बसला म्हणून पेटी खराब असं म्हणू नये. गुरुजींनाही आपण आठवडाभर देतोच की!

खेड्यापाड्यातल्या श्रोत्यांसाठी चार गोष्टी मुद्दाम सांगतो.

पहिली गोष्ट. तेलाच्या जोरावर चालणारी ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर ढकलून सुरू होत नाही, आणि ट्रॅक्टरला दोर बांधून ओढूही नये. आतला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, अशा वेळी चक्रांना तेल मिळत नाही आणि चांगला गिअरबॉक्स वाटेतच खराब होतो. जी चाकं गाडी ओढतात ती उचलून, किंवा सबंध गाडी वाहनावर चढवूनच न्यावी. दुसरी. बॅटरी उतरली तर ट्रकच्या २४ व्होल्टवरून गाडी सुरू करू नये. आणि तारा जोडताना धन-ऋण उलटं होऊ देऊ नये. तिसरी. गाडीच्या पत्र्यावर विजेचं वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, आणि वेल्डिंग पेटीच्या जवळ असेल तर पेटीचा प्लगही काढावा. चौथी. बॉनेटखाली पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. आणि पुराचं पाणी गाडीत शिरलं असेल तर चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ साली चिपळुणात पुरात किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलं. ओल्या पेटीत वीज सोडली तर वाचण्याजोगी पेटीही जाते. आधी बॅटरी सोडवावी, मग जाणत्या माणसाला बोलवावं.

शिक्षकांनी यातला एक प्रयोग वर्गात करावा. दोन वाट्या घ्या. एक उंचावर, एक खाली. वरच्या वाटीत रंगीत पाणी भरा आणि कापसाची जाड वात, आधी थोडी भिजवून, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत सोडा. तासाभराने खालच्या वाटीत पाणी जमलेलं दिसेल. मुलांना विचारा, खालच्या वाटीत पाणी कुणी ओतलं? कुणीच नाही. मग आलं कुठून? मुलं वातीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवतील. त्यांना एवढंच सांगा की, यंत्र असो, पीक असो किंवा माणूस असो, जिथे खराबी दिसते तिथे लगेच हात घालू नये. ती कोणत्या वाटेने आली ते आधी शोधावं.

पीक पिवळं पडलं म्हणून आपण लगेच खताचं पोतं आणतो. मुळाशी पाणी साचलं आहे का ते पाहत नाही. मुलाला फळ्यावरचं येत नाही म्हणून त्याला मठ्ठ ठरवतो. त्याला फळा दिसतो का ते विचारत नाही. मीही दोन पेट्या आणल्या, आणि बॅटरीखालची थाळी एकदाही उचलून पाहिली नाही. त्या दोन्ही पेट्या माझ्या टेबलावर अजून आहेत. वर्गात अनुमानाचा पाठ सुरू करताना मी त्यांपैकी एक सोबत घेऊन जातो आणि तिची किंमत मुलांना सांगतो. मुलं हसतात. हसू देत. पाठ त्यांच्या लक्षात राहतो.

पत्नी आता रोज सकाळी घाट चढून शाळेत जाते. पहिले काही दिवस घाटाच्या पायथ्याशी ती क्षणभर थांबे, समोरच्या पट्टीवर नजर टाकी आणि मगच पुढे निघे. आता थांबत नाही. आप्पांनी सांगितल्याप्रमाणे दर दोन महिन्यांनी बॅटरीखालची थाळी उचलून पाहण्याचं काम मात्र माझ्याकडे आहे, आणि ते मी न चुकता करतो.